‘जैसे थे’ म्हणायचं कुणी?

स्क्वाड भिंतीकडे चाललं होतं आणि नायक शेवाळे तोंड उघडत नव्हता.

स्क्वाड म्हणजे ड्रिलसाठी उभी केलेली जवानांची छोटी तुकडी. तीन रांगा, खांद्याला रायफल, नजर समोर. चालवणाऱ्याने ‘थम’ म्हटल्याशिवाय त्यांनी थांबायचं नसतं, मग पुढे भिंत असो की विहीर. पुढच्या तिघांनी भिंतीशी जाऊन जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. मागचे त्यांच्या पाठीवर आले. तेव्हा कुठे शेवाळेला कंठ फुटला.

“थांब!”

निम्मे थांबले. उरलेले पाय आपटत राहिले, कारण ‘थांब’ नावाचा हुकूम फौजेत नाही. स्क्वाडमध्ये कुणी बिहारचा, कुणी गढवालचा, कुणी इथलाच बुंदेलखंडातला. त्यांना काय कळणार? मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी स्क्वाडला विश्राम दिला आणि शेवाळेला बाजूला घेतलं.

“अरे, रायफलवाले जवान आहेत ते. बैल नाहीत.”

“डावा पाय सापडंना साहेब,” तो म्हणाला. “थम डाव्या पायावर द्यायचं म्हणून बघत राहिलो. तोवर भिंत आली.”

मी सुभेदार लघाटे. आता रिटायर आहे. त्या वेळी झाशी छावणीत आमच्या युनिटचा ड्रिल उस्ताद होतो. माझं घरही झाशीतलंच. आमचे पूर्वज इथे शिपाईगिरी करायला आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, असा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कारभार. नोकरीच्या शेवटी नशिबाने आपल्याच गावात पोस्टिंग मिळालं. शेवाळे खटाव तालुक्यातला. माझं मराठी ऐकून तो गालातल्या गालात हसायचा. “साहेब, तुमचं मराठी हिंदीच्या पाण्यात भिजवून काढल्यासारखं वाटतं,” असं एकदा म्हणालाही होता. मी रागावलो नाही. खरंच होतं ते.

नायकाला हवालदार व्हायचं असेल तर प्रमोशन काडर पास करावं लागतं. काडर म्हणजे काही आठवड्यांचं ट्रेनिंग आणि शेवटी परीक्षा. त्यात हत्यारं असतात, नकाशा असतो, आणि ड्रिल असतं. ड्रिलमध्ये स्वतः नीट चालून भागत नाही. दुसऱ्यांना चालवून दाखवावं लागतं. अफसरांच्या बोर्डासमोर उभं राहून हुकूम द्यायचे. त्याला आमच्याकडे वर्ड ऑफ कमांड म्हणतात. बाकी सगळ्यात शेवाळे हुशार होता. ड्रिलमध्ये दोनदा आपटला होता. ही शेवटची संधी होती. यात गेला असता तर नायक म्हणूनच पेन्शनीवर जाणार, आणि नायकाची नोकरी हवालदाराच्या आधी संपते. मोठी मुलगी इथल्या शाळेत शिकत होती. तिच्या शाळेच्या बोर्डाच्या परीक्षेला अजून अवकाश होता. अर्ध्यावर तिला उचलून गावी न्यायचं का, हा प्रश्न त्याच्या घरात रोज जेवायला बसत होता.

हे सगळं मला त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं. छावणीत मराठी बोलणाऱ्या बायका थोड्या, त्यामुळे कुणाच्या घरातलं काही लपत नाही.

आधी शेवाळेची मूळ अडचण सांगतो. तो रेडिओ ऑपरेटर. सगळी नोकरी कानाला हेडसेट लावून, तोंडाशी माइक धरून, सपाट आवाजात बोलण्यात गेली. रेडिओवर ओरडणारा ऑपरेटर वाईट समजला जातो. ड्रिलच्या मैदानावर न ओरडणारा कमांडर वाईट समजला जातो. एकाच माणसाकडून फौज दोन्ही मागते. माग म्हणावं. देणाऱ्याची दमछाक होते.

वाचकांपैकी पुष्कळांना हुकूम म्हणजे नुसती आरडाओरड वाटते. तसं नाही. प्रत्येक हुकमाचे दोन तुकडे असतात. पहिला लांब ओढायचा. तो जवानाला सांगतो की काय करायचंय. मग जरा थांबायचं. मग दुसरा तुकडा, आखूड, चाबकासारखा. त्यावर सगळ्यांनी एकदम हलायचं. ‘दाहिने’ हा पहिला तुकडा, ‘मुड़’ हा दुसरा. मधल्या त्या थांबण्यात सगळं ड्रिल असतं. तेवढ्यात जवान मनात हुकूम उलगडतो आणि अंग तयार करतो. ती जागा खाल्ली की कुणी आधी वळतो, कुणी नंतर, आणि स्क्वाड विस्कटतं.

शब्दही ठरलेले. एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. आमच्या त्याच काडरमध्ये नायक अहिरवार होता, झाशीजवळच्या टहरौलीचा. आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या बंगल्यात चहा पिणाऱ्याचा कप हलावा. पहिल्याच दिवशी त्याने हुकूम दिला, “स्क्वाड, दाएँ मुड़!” अर्धं स्क्वाड उजवीकडे वळलं, अर्धं डावीकडे. दोन जवान समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे बघायला लागले.

“उस्ताद, हमने तो ठीकई कई ती,” अहिरवार म्हणाला. “सकूल में जेई सिखाओ तो.” म्हणजे शाळेत असंच शिकवलं होतं.

“शाळेत मास्तर आणि मुलं दहा पावलांवर असतात,” मी त्याला हिंदीत समजावलं. “इथे वारा आहे, बूट आहेत, लांबी आहे. दाएँ आणि बाएँ लांबून सारखंच ऐकू येतं. म्हणून फौज दाहिने म्हणते.” अहिरवारला ते एका दमात पटलं. परत कधी ‘दाएँ’ म्हणाला नाही. शेवाळेचं ‘थांब’देखील सुटलं. मी त्याला एवढंच सांगितलं की ‘थम’ एका घावात संपतो, ‘थांब’ लांबतो. मग कुणी ‘था’वर थांबतो, कुणी ‘ब’वर. ऑपरेटर माणूस, आवाजाची गोष्ट चटकन कळली.

पण तो गप्प का होतो, ते कळेना. पाय न सापडणं हे निमित्त होतं. उभ्या स्क्वाडला साधं ‘सावधान’ द्यायलाही तो इतका वेळ लावायचा की जवान कंटाळून पापण्या मिटायचे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मनात तो हुकूम दहा वेळा घोकून मगच बाहेर सोडायचा. आणि इतकं करूनही चुकला, तर घाईघाईने दुसरा हुकूम देऊन झाकायचा. डावीकडे वळवायचं असताना उजवीकडे वळवलं, तर लगेच ‘पीछे मुड़’. जवान उलटे फिरून बरोबर तोंडाला येतात. बघणाऱ्याला वाटतं, असंच करायचं असेल. पण त्या गडबडीत शेवाळेच्या डोक्यातला नकाशा फिरायचा, आणि मग एकावर एक चुका. मागच्या काडरमध्ये अशाच झाकाझाकीत त्याने बोर्डासमोरचं स्क्वाड गाड्यांच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं होतं.

फौजेत चूक झाकायची गरजच नाही. त्यासाठी हुकूम आहे. ‘जैसे थे.’ चुकीचा हुकूम तोंडातून गेला की कमांडरने ‘जैसे थे’ म्हणायचं. जवान होते त्या स्थितीत परत येतात. मग बरोबर हुकूम द्यायचा. बस. कुणी हसत नाही, कुणी विचारत नाही.

“शेवाळे, चुकलास की जैसे थे म्हण,” मी म्हटलं.

“हां साहेब.”

आणि पुढच्याच चुकीला पुन्हा ‘पीछे मुड़’.

असं चार-पाच वेळा झाल्यावर मी तापलो. स्क्वाड सोडून दिलं आणि त्याला कडुनिंबाखाली उभा केला. “तोंडात तेवढा एकच शब्द बसत नाही का तुझ्या?”

तो म्हणाला, “साहेब, दुसरं काय बी म्हणतो. तो शब्द नको.”

“का?”

“तुमास्नी नाही कळायचं. तुमी हिकडचं.”

“कळेल असं सांग ना.”

“आमच्याकडं पेपरात रोज येतं साहेब. रस्त्याचा प्रश्न जैसे थे. पाण्याचा प्रश्न जैसे थे. कोर्टात बांधाची केस, तर जैसे थे. म्हंजी काय, तर काय बी होणार नाही. आहे तिथंच ऱ्हावा. पहिल्या काडरला बोर्डासमोर म्हणलो होतो. एकदा न्हाई, दोनदा. नापास झालो. गावाकडं भावानं फोनवर इच्चारलं, काय झालं रं प्रमोशनचं? मी म्हणलं, जैसे थे. तो हसला. तवापासनं ते तोंडात येत न्हाई.”

मी खरोखर चकित झालो. आमच्या झाशीच्या घरात मराठी बोलतात, पण मराठी पेपर येत नाही. माझ्या कानाला ‘जैसे थे’ म्हणजे साधं हिंदी. होतात तसे व्हा, एवढंच. त्याच्या कानाला तो शब्द म्हणजे बंद पडलेली फाइल. एकाच शब्दात एकाचं ड्रिल आणि दुसऱ्याचा अपशकुन. आणि जो माणूस चूक परत घेणारच नाही असं ठरवून बसतो, त्याला पहिल्याच फटक्यात सगळं अचूक बोलावं लागतं. मग तो गप्प होणार नाही तर काय होणार?

“रेडिओवर चुकीचा आकडा गेला तर काय म्हणतोस?” मी विचारलं.

“करेक्शन म्हणतो. आन्‌ बरोबर आकडा सांगतो.”

“मग हे तेच नाही का?”

“तिथं कोण बघतंय साहेब? तोंड दिसत न्हाई कुणाला.”

समजावून माणूस समजत नाही हे मला उस्तादगिरीत फार लवकर कळलंय. अपशकुनावर तर भाषण मुळीच चालत नाही. मी त्याला घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी शेवाळेला कमांड दिलीच नाही. त्याला स्क्वाडमध्ये मधल्या रांगेत उभा केला आणि कमांड अहिरवारला दिली. अहिरवारला आधीच कानात सांगून ठेवलं होतं: मुद्दाम चूक, आणि चूक कबूल करायची नाही. तो खूश झाला. असा हुकूम त्याला जन्मात मिळाला नव्हता.

उन्हं चढली होती. झाशीचं ऊन म्हणजे अंगावर कुणी तवा धरावा तसं. अहिरवारने सलामी शस्त्र दिलं, म्हणजे रायफल छातीसमोर उभी धरायची. मग तिथूनच भलता हुकूम ठोकला, जो त्या स्थितीतून देताच येत नाही. जवान अडकले. कुणी रायफल अर्धी खाली आणली, कुणी तशीच धरली. अहिरवार छाती फुगवून पुढचा हुकूम देत गेला. मग त्याच्यावरही तिसरा. आणि मी काय केलं? मी स्क्वाडवर तुटून पडलो.

“ये क्या है? सोकर आए हो? मधली लाइन! शेवाळे! हात में बंदूक है कि झाडू?”

दोन-तीनदा असं झालं. शेवाळेच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. स्क्वाडला आराम मिळाल्याबरोबर तो तडक माझ्याकडे आला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच मैदानभर ऐकू गेला.

“साहेब, चूक त्याची, आन्‌ बोलणी आमाला? तो बोलंल तसंच केलं आमी!”

“मग त्याने काय करायला हवं होतं?”

“मागं घ्यायला पायजे होतं की!”

“कसं?”

त्याच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघितलं, मग अहिरवारकडे. अहिरवार मिशीत हसत होता. “बुरौ नईं मानियो भैया,” तो म्हणाला, “उस्ताद कौ हुकम हतो.”

शेवाळे हसला नाही. स्क्वाडमधल्या एका नव्या पोराच्या मनगटाला रायफलचा पट्टा घासून सालटं निघालं होतं. शेवाळे ते बघत उभा राहिला. त्यानंतर सरावात तो बोलायला लागला. चुकायचा कमी. चुकला की क्षणभर तोंड कडू व्हायचं, पण झाकाझाकी बंद झाली. मात्र तो शब्द त्याने माझ्यासमोर एकदाही उच्चारला नाही. चुकला की थांबायचा आणि हाताने स्क्वाडला परत आणायचा. हाताने! फौजेत हाताने कोण ड्रिल घेतं? बोर्डासमोर हात हलवला असता तर तिथेच संपलं असतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, “पोरीला शाळेतून काढावं लागणार बहुतेक.” खरंच वाईट वाटत होतं. जेवण गेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या एका कडेला टेबल, त्यामागे बोर्ड. अध्यक्ष होते एक कर्नल साहेब, बाहेरच्या युनिटचे. उस्तादांनी बाजूला उभं राहायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, उमेदवाराकडे बघून भुवईही उडवायची नाही.

एकेक नायक येत होता. चुका सगळ्यांकडून होत होत्या. एकाने थम चुकीच्या पायावर दिला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेला. एकाने दोन हुकूम एकमेकांत घुसवले आणि आवाज चढवून वेळ मारून नेली. अहिरवारचा आवाज गरजला, हुकूम बहुतेक बरोबर. जिथे एक चुकला तिथे त्यानेही ‘पीछे मुड़’ने निभावलं. मी मनात कपाळावर हात मारला.

मग शेवाळे.

सुरुवात चांगली झाली. सावधान, विश्राम, पुन्हा सावधान. आवाज अहिरवारसारखा नव्हता, पण स्वच्छ होता. रेडिओवाल्याचा प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येणारा आवाज. आता स्क्वाड बोर्डाकडे न्यायचं होतं. बोर्ड स्क्वाडच्या उजव्या हाताला. म्हणजे दाहिने मुड़, मग तेज चल.

“स्क्वाड, बाएँ…”

गेलं.

हुकमाचा पहिला तुकडा बाहेर पडला होता. दुसरा अजून तोंडात होता. स्क्वाड ताठ. सगळ्यांची अंगं डावीकडे वळायला तयार. मी शेवाळेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की त्याला कळलंय. ‘मुड़’ म्हटलं असतं तर मागोमाग ‘पीछे मुड़’ देऊन गाडी रुळावर आणता आली असती. सकाळपासून सगळ्यांनी अशीच झाकाझाकी केली होती. त्याला ते सरावाचंही होतं. त्याचा उजवा हात मांडीला चिकटलेला होता. बोटं हलली. मला वाटलं, आता हा हात उचलणार. कर्नल साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि वर बघितलं.

शेवाळेची नजर स्क्वाडवर होती. पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, तिसऱ्या रांगेवर. त्याची छाती भरली.

“जैसे… थे!”

त्या दिवशी मैदानावर दिलेला सर्वांत खणखणीत हुकूम तो होता. दोन तुकडे, मधली जागा, सगळं. कडुनिंबावरचे पोपट उडाले. आणि त्याच दमात, “स्क्वाड, दाहिने… मुड़!” सगळे बूट एकदम वाजले. नंतर तो एकदाही अडला नाही. स्क्वाड बोर्डासमोर नेलं, सलामी दिली, परत आणलं, डाव्या पायावर थम दिला, आणि जागेवर उभा राहिला.

शेवटचा उमेदवार झाल्यावर कर्नल साहेबांनी मला बोलावलं.

“लघाटे साहब, आज ग़लती किस-किस ने की?”

“साहब, तक़रीबन सबने.”

“और जैसे थे?”

“एक ने, साहब.”

“बाक़ी लोग क्या समझे, हमें दिखा नहीं?” ते म्हणाले. मग टेबलावरचे कागद गोळा करता करता सहज बोलावं तसं बोलले, “वो रेडियो वाला पास है. बता दीजिए उसे. नंबर कटेंगे, ग़लती तो ग़लती है. लेकिन पास है.”

तसे आमच्या काडरमधले बरेच जण पास झाले, अहिरवारसुद्धा. गुण शेवाळेपेक्षा त्याला जास्तच मिळाले. आवाजाला गुण असतात आणि ते असायलाही हवेत. शेवाळेच्या अपशकुनाचं काय झालं म्हणाल, तर मी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मला मात्र उस्ताद म्हणून एक गोष्ट पक्की कळली. चुकीच्या हुकमावर चुकीचा वळलेला जवान चुकलेला नसतो. त्याने सांगितलं ते केलेलं असतं. त्याला परत आणणं त्याच्या हातात नाही. ते हुकूम देणाऱ्याच्याच तोंडात असतं, आणि तिथून बाहेर येताना ते पहिल्या हुकमापेक्षा मोठ्याने यावं लागतं.

मी शेवाळेकडे गेलो. तो मैदानाच्या टोकाला तसाच सावधान उभा होता. शेवटच्या उमेदवारानंतर स्क्वाड पुन्हा त्याच्याकडेच सोपवलं होतं.

“झालास पास,” मी मराठीत म्हटलं.

त्याने काही ऐकलं नसावं असं मला वाटलं. मग त्याचे डोळे भरले. मी रुमाल काढणार, तेवढ्यात त्याने मान हलवून मला थांबवलं. मागे स्क्वाड अजून उन्हात ताठ उभं होतं. सकाळपासून तेच जवान सगळ्यांचे हुकूम झेलत होते, आणि त्यांना कुणी सोडलं नव्हतं. शेवाळे त्यांच्याकडे वळला, गळा साफ केला आणि हुकूम दिला, “स्क्वाड, विसर्जन!” शेवटचा जवान सावलीत पोचेपर्यंत तो हलला नाही. मग माझ्याकडे पाठ करून रडला.

फिती त्याला नंतर लागल्या. माझ्या लेखी हवालदार तो तिथेच झाला.